पॅडल: सर्व्हिस लाइनजवळ पायात आलेल्या बॉलचं करायचं काय?

पर्वरीचा_पांडू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या चतुर्थीनंतर पॅडल सुरू केलं. वय ४३. कॉलेजात टेनिस खेळायचो, त्यामुळे बॅकहँड अजून शाबूत आहे, गुडघे नाहीत. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जातो. मागे काचेजवळ असलो की बरं जमतं, कारण बॉल काचेला लागून परत येईपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. अगदी नेटजवळ असलो तरी व्हॉली ठीक लागते. गोची होते ती मधे. सर्व्हिस लाइनच्या एक-दोन पावलं अलीकडे-पलीकडे असतो आणि बॉल नेमका बुटांवर येतो. मग मी काहीतरी खरवडतो, बॉल वर चढतो, समोरचा कॉलेजातला पोरगा तो हाणतो आणि आम्ही बॉल शोधायला शेजारच्या कोर्टात.

परवा एका गेममध्ये मुद्दाम मोजलं. आमचे पाच पॉइंट गेले, त्यातले चार याच जागेवर.

तर तिथे सापडल्यावर पुढे पळायचं, मागे यायचं, की उभं राहून मारायचं? आमच्या ग्रुपातले जाणते म्हणतात, 'मधे उभाच राहू नको.' अहो, पण मागून नेटपर्यंत जायचं तर मधूनच जावं लागणार ना? मांडवीचा पूल न ओलांडता मी पर्वरीहून पणजीला पोचू कसा?

नुस्त्याची_कढी

पॅडल म्हणजे ते पिकलबॉलच ना?

पर्वरीचा_पांडू

नाही हो कढीताई. पिकलबॉलला भोकांचा प्लास्टिकचा बॉल असतो आणि भिंती नसतात. आमच्याकडे काचेची पेटी, टेनिससारखाच पण किंचित कमी दाबाचा बॉल, आणि रॅकेटला तारा नाहीत, तीही भोकांचीच. नेहमी दोघं विरुद्ध दोघं. सर्व्हिस खालून, टप्पा देऊन, कमरेच्या वर न जाता.

नुस्त्याची_कढी

म्हणजे मत्स्यालयात टेनिस. कळलं. चालू द्या.

स्मॅशसम्राट_म्हापसा

एवढा काय विचार करायचा? मधे बॉल आला की डोळे मिटून मार. अर्धे परत येत नाहीत.

फोंड्याचा_स्लाइस

सम्राट, उरलेले अर्धे परत येतात त्यांचं काय? पॅडलमध्ये जोरात मारलेला बॉल टप्पा पडून मागच्या काचेला आपटतो आणि समोरच्याच्या कमरेशी अलगद येऊन उभा राहतो. टेनिसमध्ये जो विनर असतो तो इथे वाढलेलं ताट होतं. तुम्ही मारून दमलेले, तो जेवायला बसलेला.

पांडूशेठ, पूल ओलांडायचाच आहे, फक्त पुलावर गाडी लावून नदी बघत बसू नका.

आधी जागा समजून घ्या. कोर्ट २० मीटर लांब, १० रुंद. नेटपासून सर्व्हिस लाइन ६.९५ मीटरवर, म्हणजे तिच्या मागे काचेपर्यंत जेमतेम तीन मीटर आणि वर बोटभर. तुम्ही त्या लाइनच्या पुढे मीटरभर असता तेव्हा काच तुमच्यापासून लांब पडलेली असते. नेटही लांब. समोरच्याने हळू, बुटका बॉल टाकला की तुमच्यापर्यंत येता येता तो नेटच्या उंचीखाली उतरलेला असतो. नेट मधे ८८ सेंटिमीटर, कडांना ९२. त्याखालून बॉल काढायचा तर तो वरच जाणार, त्यात तुमच्या बॅकहँडचा दोष नाही.

मी स्वतः एवढंच बघतो की माझ्या रॅकेटशी पोचताना बॉल किती उंचीवर असेल. पोटाच्या वर असेल तर व्हॉली खोल टाकायची, काचेच्या पायथ्याशी, आणि तिच्यामागे दोन पावलं पुढे सरकायचं. गुडघ्याखाली असेल तर पॉइंट जिंकायचा विचार सोडून द्यायचा. हळूच ढकलायचा, मधोमध. मधोमधच का, तर तिथे नेट चार सेंटिमीटरने बुटकं आहे, समोरच्याला कोन काढता येत नाही, आणि मुख्य म्हणजे ते दोघं एकमेकांकडे बघत बसतात.

बघत बसण्याचा अनुभव सर्वांनाच असेल.

ताळगांवचा_कीपर

स्लाइसशी बहुतेक सहमत, पण 'पुलावर थांबू नका' हे अर्धवट आहे. उलट थांबायला हवं! फक्त कधी, ते महत्त्वाचं. समोरच्याची रॅकेट बॉलला लागते त्या क्षणी तुम्ही जिथे असाल तिथे थांबायचं, पाय खांद्याएवढे फाकवून, छोटीशी उडी मारून. मग ती जागा नेट असो, सर्व्हिस लाइन असो की आणखी कुठे. नवखे लोक काय करतात, 'मधे थांबायचं नाही' असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून धावत सुटतात, आणि धावत असतानाच बॉल पायात येतो. धावत्या माणसाला वाकता येत नाही.

मी २० वर्षं क्लब क्रिकेटमध्ये कीपिंग केलं. पायातला टप्पा हे आमचं रोजचं जेवण. कीपर बॉलबरोबर वर येतो, बॉलच्या आधी नाही. हाफ व्हॉलीचंही तेच. गुडघे आधी खाली, रॅकेट बॉलच्या मागे जवळजवळ जमिनीला टेकवलेली, मनगट घट्ट, रॅकेटचं तोंड जरासं आभाळाकडे. टप्पा पडला की पडल्याबरोबर पुढे ढकला. हात मागे न्यायचाच नाही. टेनिसवाल्यांचा सगळा घोटाळा तिथेच होतो, त्यांचा हात सवयीने मागे जातो, तो परत येईपर्यंत बॉल गेलेला असतो म्हापशाला.

घरी सरावाला भिंत पुरते. भिंतीपासून चार पावलांवर उभं राहायचं आणि प्रत्येक बॉल टप्प्याबरोबर उचलायचा. शेजारी कटकट करतील, करू देत.

स्मॅशसम्राट_म्हापसा

म्हापशाला काय नावं ठेवता? आमच्याकडे आलेला बॉल आम्ही परत पाठवतो.

फोंड्याचा_स्लाइस

कीपरसाहेब, मान्य. थांबा, पण पापणी लवेपर्यंत. माझा रोख होता तो तिथे तंबू ठोकणाऱ्यांवर.

हणजूणकर_काका

मजा येतेय वाचायला. अवांतर करतो.

हा खेळ निघालाच जागा कमी पडल्यामुळे. १९६९ साली मेक्सिकोत, आकापुल्कोला, एनरिके कोर्कुएरा नावाच्या गृहस्थांनी घराशी कोर्ट बांधलं. जागा अपुरी, बॉल बाहेर जाऊ नये म्हणून भिंती घातल्या आणि त्या खेळात घेतल्या. त्यांचा मित्र आल्फोन्सो दे होहेनलोहे याने १९७४ मध्ये तो स्पेनमध्ये मार्बेयाला नेला. म्हणजे भिंती नंतर चिकटवलेल्या नाहीत, खेळच त्यांच्याभोवती उभा राहिलाय. मधे अडकलेल्या टेनिसवाल्याला हे पचत नाही. टेनिसमध्ये पाठीमागे गेलेला बॉल मेला. इथे तो बाजारात जाऊन परत येतो.

आता शब्दाची गंमत. डोक्यावरून आलेल्या लॉबला (उंच टाकलेल्या बॉलला) स्मॅश न करता, हात वेटरच्या तबकासारखा धरून जो कापलेला फटका मारतात त्याला स्पॅनिशमध्ये बांदेखा म्हणतात. बांदेखा म्हणजे तबक. पोर्तुगीजमध्येही स्पेलिंग तेच, उच्चार बांदेझा. आमच्या शेजारच्या आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. नातू अंगणात सराव करत होता, मी म्हटलं, 'बांदेझा शिकतोय.' त्या म्हणाल्या, 'मग चहा आण म्हणावं.'

काचेवरची_पाल

काका, हसून हसून पुरेवाट!

पण तुम्ही मूळ मुद्द्याच्या अगदी जवळ येऊन निघून गेलात. बांदेखा हाच तर मधल्या कोर्टाचा मुख्य फटका आहे. तुम्ही नेटवर, समोरच्याने लॉब टाकला, तुम्ही मागे सरकलात, कुठे पोचलात? सर्व्हिस लाइनच्या आसपास. म्हणजे मधल्या कोर्टात तुम्ही दोन वाटांनी येता: मागून पुढे येताना पायात बॉल, पुढून मागे जाताना डोक्यावर बॉल. पांडू पहिल्याबद्दल विचारतोय, पण माझ्या मते त्याचे जास्त पॉइंट दुसऱ्यात जात असणार. लॉब आला की हा गडी स्मॅश मारायला जात असणार, पैज लावते.

बांदेखा जिंकायला मारायचा नसतो. नेट हातचं जाऊ नये म्हणून मारायचा. लॉब दिसल्याबरोबर अंग आडवं करायचं, डावा हात बॉलकडे, कोपर वर, हातोडा धरावा तशी पकड. बॉल डोक्याच्या जरा पुढे, उजवीकडे असताना वरून खाली कापायचा. वेग मध्यम. पडावा कुठे, तर खोल, बाजूच्या काचेजवळ, म्हणजे टप्पा पडून काचेला लागेल आणि कापल्यामुळे उठणारच नाही. तोवर तुम्ही चालत नेटवर परत.

आणि व्हीबोरा नावाचा आणखी एक फटका आहे, त्याचा अर्थ नागीण वगैरे लोक सांगतात, ते चूक. व्हीबोरा म्हणजे व्हायपर. आपल्याकडचं फुरसं. तेही आडवं आडवं सरकतं, आणि हा फटकाही बॉलला बाजूने कापून आडवी फिरकी देऊनच मारतात. बांदेखा पक्का व्हायच्या आधी फुरशाच्या नादाला लागू नका. आमच्या कोर्टावर एकाला चावलंय, खांदा धरून बसलाय तीन महिने.

डिचोलीचा_डॉक्टर

खांद्यावरून आठवलं. लॉब आल्यावर उलट्या पावलांनी मागे पळू नका. तोंड नेटकडे, पाय मागे, नजर आकाशात, अशी मंडळी पाठीवर पडतात आणि पडताना हात टेकतात. मनगट जातं. आडवे व्हा आणि पायावर पाय टाकत बाजूने मागे जा. पालताईंनी 'अंग आडवं' म्हटलंय ते फटक्यासाठी, मी हाडांसाठी म्हणतोय.

दुसरं, चाळिशीनंतर थेट ऑफिसातून उठून कोर्टावर उतरणारे. मधल्या कोर्टातून एकदम पुढे झेप घेताना पोटरीत कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटतं आणि मागे वळून बघावं तर कुणीच नसतं. तो स्नायू फाटलेला असतो. दहा मिनिटं अंग गरम करा. हे सांगून कुणी ऐकत नाही, तरी लिहितो.

नुस्त्याची_कढी

डॉक्टर, माझ्या यजमानांना नेमका असाच दगड लागला होता. त्यांनी शेजारच्या कोर्टावरच्या मुलाला शिव्या घातल्या. अजून तो मुलगा नमस्कार करत नाही.

मडगांवची_मैना

मला एक शंका आहे. जाणार असलेला बॉल काचेवर सोडायचा की आधीच मारायचा, हे ठरवायचं कसं? मी सोडते तेव्हा तो काचेपर्यंत पोचतच नाही आणि मारते तेव्हा जोडीदार ओरडतो, 'सोडायचा होता!'

फोंड्याचा_स्लाइस

मैना, वेगात आला तर जाऊ द्या, मेला तर उचला. खांद्याजवळून सूं करत गेलेला बॉल सर्व्हिस लाइनच्या आसपास टप्पा घेऊन काचेला लागणार आणि परत येणार, तुम्ही फक्त वाट मोकळी करून बाजूला व्हा. हळू, लोंबकळत आलेला तिथेच दोनदा टप्पे खाऊन झोपणार, त्याला काचेची आशा नको.

एक आणखी. बाजूची भिंत सगळी काचेची नसते. मागच्या कोपऱ्यापासून चार मीटरच काच, पुढे जाळी. आणि सर्व्हिस लाइन कोपऱ्यापासून तीन मीटरवर. म्हणजे लाइनच्या पुढे जेमतेम मीटरभर काच आहे, त्यापुढे बॉल जाळीला लागला की तो कुठे जाईल ते जाळीलाच ठाऊक. मधल्या कोर्टात बाजूला येणारा बॉल शक्यतो जाळीला लागायच्या आधी घ्या.

मडगांवची_मैना

हे आजवर एकाही शिकवणाऱ्याने सांगितलं नव्हतं! मी समजत होते माझंच नशीब वाकडं. वाचनखूण साठवली.

सुशेगाद_शिरोडकर

तुम्ही सगळे स्पेनमधले व्हिडिओ बघून बोलताय. तिकडचं इकडे चालत नाही. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर वर, हवा विरळ आणि कोरडी. बॉल उडतो. आपण समुद्रात पाय सोडून बसलोय. त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर छप्पर असलेल्या कोर्टावरसुद्धा बॉलवरची लोकर ओल पिऊन जड होते, टप्पा घोट्यापर्यंत. काचेवर बाष्प धरतं, बॉल काचेला लागून उसळायच्या ऐवजी घसरत खाली येतो. जुलैत मी काचेवर बॉल सोडतच नाही. मधेच घेतो, वाईट तर वाईट.

एप्रिल-मेमध्ये उलटं. दुपारी चारला उन्हात बॉल असा उसळतो की लॉब काचेवरून उलटून परत तुमच्या डोक्यावर. ऋतूप्रमाणे मधलं कोर्ट पुढे-मागे सरकतं, असं माझं मत. पावसात लाइनच्या अर्धं पाऊल पुढे उभा राहतो, उन्हाळ्यात अर्धं मागे.

काचेवरची_पाल

शिरोडकर, ऋतूचं पटलं. अर्ध्या पावलाचं नाही पटलं, तुम्हाला मी खेळताना पाहिलंय. तुम्ही बाराही महिने एकाच जागी उभे असता.

सुशेगाद_शिरोडकर

'सुशेगाद' (निवांत) हा आयडी उगाच घेतला का?

आसगांवचा_आंबा

थोडं कडू बोलतो. आमच्या वाड्यात घराला लागून असं कोर्ट झालंय. रात्री अकरापर्यंत दिवे आणि ठॉक ठॉक ठॉक. काचेवर बॉल आपटल्याचा आवाज तुम्हाला गोड लागत असेल, आमच्या आईला झोप लागत नाही. पूर्वी तिथे भाताचं शेत होतं. तुमचा बांदेखा तुमच्यापाशी.

हणजूणकर_काका

आंबा, खरं आहे तुमचं. मी खेळतो तिथे आम्ही स्वतःहून नऊला दिवे बंद करायचं ठरवलं, शेजारच्यांशी बोलून. मालकाला आधी पटलं नाही, मग पटलं. पण सगळीकडे असं होत नाही हेही बघतोय. यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे दाबला जाईल विषय.

आसगांवचा_आंबा

काढतो.

शेवग्याची_शेंग

धागा वरून खालपर्यंत वाचला. धागाकर्ते ज्या जोडीदाराबरोबर हे पाचपैकी चार पॉइंट घालवतात, ती जोडीदार मी. लग्नाला सोळा वर्षं झाली. मला न सांगता धागा काढलाय, आणि 'आम्ही बॉल शोधायला' असं लिहिलंय. बॉल शोधायला मी जाते. हे पाणी पितात.

आता निदान. पांडूरावांचा हाफ व्हॉली वाईट आहे हे खरं, पण तो दुय्यम आजार. मूळ आजार असा की हे मागून एक बरा फटका मारतात आणि पुढे निघतात. चार पावलं जातात आणि थांबतात. कशासाठी? स्वतःचा फटका कसा पडतोय ते बघायला! हात कमरेवर ठेवून. जणू पाहुण्यांनी जेवण चांगलं झालं म्हणावं म्हणून वाट बघतायत. कीपरसाहेब म्हणतात समोरचा मारताना थांबा. हे स्वतः मारल्यावर थांबतात, आणि समोरचा मारतो तेव्हा पुन्हा चालू लागतात. बरोब्बर उलटं.

दुसरं म्हणजे एकटेच पुढे जातात. मी मागे, हे मधे. समोरच्याला आमच्या दोघांच्या मधून अशी तिरकी गल्ली दिसते की त्यातून कदंबची बस जाईल. मी ओरडते 'मागे!', ह्यांना ऐकू येतं 'मार!'.

नुस्त्याची_कढी

पॉपकॉर्न संपले. चण्याची पुडी घेऊन बसलेय.

स्मॅशसम्राट_म्हापसा

पांडूशेठ, पूल तुटला.

पर्वरीचा_पांडू

मी चकलीसारखा गोल होऊन बसलोय. घरी यावर चर्चा झाली. फटका बघायला थांबतो हे मला माहीतच नव्हतं. 'बघत नाही, अंदाज घेतो' असं सांगून पाहिलं. चाललं नाही.

ताळगांवचा_कीपर

शेंगताई, तुम्ही क्लास उघडा. मी आधी आख्खं पुराण लिहिलं ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत.

दोघांनी एकत्र हलण्यावरून: शिकवणारे बहुतेक दोरीचं उदाहरण देतात, कमरेला दोरी बांधलीय असं समजा म्हणतात. आपल्याकडे त्याहून बरं उदाहरण आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढताना पाहिलीत ना? दोन्ही टोकांची माणसं सारख्या चालीने ओढतात. एक टोक पुढे गेलं तर सगळी मासळी दुसऱ्या बाजूने पळते. एक जण नेटवर जाणार तर दोघं जाणार, एक मागे तर दोघं मागे. मधे अडकायची वेळ आली तरी दोघं एकाच ओळीत अडका, निदान गल्ली पडत नाही.

काचेवरची_पाल

रापणीचं उदाहरण चोरतेय.

आणि मधोमध आलेला बॉल कुणाचा, यावर कुणीच बोललं नाही. अर्धे घटस्फोट तिथेच होतील. दोघंही उजवे असाल तर डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचा फोरहँड मधे येतो, त्यामुळे साधारणपणे तो बॉल त्याचा. पण आधी ओरडा. गप्प राहून घेतलेला बॉल आणि गप्प राहून सोडलेला बॉल, दोन्ही सारखेच.

मडगांवची_मैना

ओरडायचं काय पण? आमच्याकडे चौघांत दोन मराठी, एक कोंकणी, एक दिल्लीचा. मी 'माझा' म्हणते, ती 'म्हजो' म्हणते. दोन्ही 'म'ने सुरू होतात, दिल्लीकर 'म' ऐकला की बाजूला होतो. परवा बॉल मधोमध पडला आणि दोघंही बाजूला.

हणजूणकर_काका

स्पॅनिशमध्ये 'मिया' म्हणतात. पुन्हा 'म'च. देव बरें करूं.

फोंड्याचा_स्लाइस

आम्ही 'घे' आणि 'सोड' एवढंच ठेवलंय. कोंकणीत तेच, मराठीत तेच, दिल्लीवाला दोन दिवसांत शिकतो. मी हलतोय की नाही ते माझं मला कळतं, जोडीदाराला हुकूम द्यायचा.

रॅकेटवाला_रवळू

रॅकेट बदलून बघितली का? सगळे त्या टोकाकडे जड, चौकटच्या एक्क्यासारख्या रॅकेटी घेतात कारण स्पेनमधले मोठे खेळाडू तशा वापरतात. त्या स्मॅशसाठी. पायातला बॉल उचलायला गोल रॅकेट बरी, तिचा मारायचा भाग मधे आणि मोठा असतो, वजन हाताकडे. जाडी नियमाने ३८ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही, त्यामुळे 'जाड रॅकेटीत जास्त दम' वगैरे दुकानात ऐकू आलं तर हसून सोडा. आणि मनगटाची दोरी बांधा हो. नियमात सक्तीची आहे. बंद पेटीत चार माणसं, सुटलेली रॅकेट कुणाच्या दातांवर जाईल.

स्मॅशसम्राट_म्हापसा

चौकटच्या एक्क्याची माझ्याकडे आहे. विकायची नाही.

फोंड्याचा_स्लाइस

कुणी विचारलंय?

पर्वरीचा_पांडू

अहवाल देतो. काल संध्याकाळी दीड तास खेळलो, त्याच कॉलेजच्या पोरांविरुद्ध.

पहिला सेट २-६. कारण मी एवढ्या गोष्टी डोक्यात घेऊन उतरलो होतो (गुडघे, तोंड आभाळाकडे, रापण, फुरसं) की सर्व्हिस परत करायलाच विसरलो. दुसऱ्या सेटला शेंगेने अट घातली: बाकी सगळं सोड, फक्त समोरच्याची रॅकेट बॉलला लागताना थांब. बाकी काही नाही.

विचित्र प्रकार झाला. थांबायला लागल्यापासून पायात येणारे बॉल निम्म्यावर आले. म्हणजे बॉल तिथेच येत होते बहुधा, पण मी उभा असल्यामुळे एक पाऊल पुढे टाकून ते टप्प्याआधीच गुडघ्याच्या वर मिळत होते. जे खरोखर बुटावर आले त्यातले काही कीपरसाहेबांच्या पद्धतीने ढकलले. दोन नेटमध्ये गेले, एक उंच चढला आणि पोराने हाणला, पण तीन-चार असे मधोमध, बुटके गेले की ती पोरं खरंच एकमेकांकडे बघत राहिली. स्लाइस, त्या दृश्यासाठी मी तुम्हाला उंडे आणि भाजी खिलवणार आहे.

लॉबचं मात्र पालताई पैज जिंकल्या. पाच लॉब आले, पाचांवर स्मॅश मारले. चार काचेला लागून परत आले. हात ऐकतच नाही, आतला टेनिसवाला उठतो. पाचवा मात्र असा बसला की बास. (पोरगा म्हणाला, 'अंकल, बॉल आउट होता.')

दुसरा सेट ५-७. हरलोच.

शेवग्याची_शेंग

५-७ मधले शेवटचे दोन गेम ह्यांनी फटका बघत घालवले, ते अहवालात नाही.

पर्वरीचा_पांडू

तो फटका बघण्यासारखा होता.

काचेवरची_पाल

पाच लॉबचं ऐकून वाईट वाटलं नाही, बरं वाटलं, कारण उपाय सोपा आहे. पुढच्या वेळी अख्खा तास स्मॅश बंद. लॉब आला की फक्त बांदेखा, हळू, खोल. वाटलं तर चहाचं तबक आठवा. हरलात तरी चालेल. महिनाभराने परत धागा वर काढा.

डिचोलीचा_डॉक्टर

अंग गरम केलं होतं का?

पर्वरीचा_पांडू

डॉक्टर, पार्किंगपासून कोर्टापर्यंत चालत गेलो.

डिचोलीचा_डॉक्टर

भेटू लवकरच.

शेवग्याची_शेंग

शनिवारी सात वाजता कोर्ट मिळालंय. चौघांपैकी एक नाही म्हणतोय. मैना, येणार का? आणि ह्या वेळी बॉल शोधायला हे जातील.

मडगांवची_मैना

येते. 'घे' आणि 'सोड' एवढंच ना?